दहा नंबर वगळून

तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते फक्त वहीतच. बाकी सगळीकडे ती भागूबाई. ती सहा वर्षांची असताना तिच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, हे नाव ठेवलं. तिने त्याचा कधी राग मानला नाही, कारण त्यात खोटं काही नव्हतं. ती पालीला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, कुत्रा साखळीला बांधलेला असला तरी रस्ता ओलांडून पलीकडे जायची. फोन वाजला की ‘हॅलो’च्या आधी ‘काय झालं?’ म्हणायची. कुठल्याही कागदावर सही करायची म्हटलं की तिला घाम फुटायचा. एकदा नुसतं पार्सल घ्यायचं होतं, तर तिने चष्मा लावून पावतीचं पुढचं-मागचं सगळं वाचून काढलं, आणि पार्सलवाला दाराशी ताटकळत उभा.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण अकरा वर्षं मी तिच्या शेजारच्या टेबलावर बसले. आमची कवळ्यांची लॅब आहे. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवतात, त्यावरून आम्ही मेणात दात बसवतो, मग पक्की कवळी करतो, घासतो, चकचकीत करून डबीत घालून परत पाठवतो. या कामात भागूबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. एरवी थरथरणारे तिचे हात मेणाची सुरी तापली की एकदम ठाम व्हायचे. एखादा दात केसाएवढा पुढे आलेला असला तरी तिला लांबून दिसायचा.

पुढची हकिकत तिने मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, बहुतेक जेवणाच्या सुट्टीत. थोडी मी स्वतः पाहिली. जे पाहिलं त्यात माझी बाजू काही फार चांगली दिसत नाही, पण तेही सांगते.

दोघी बहिणींची लग्नं झाली नव्हती. ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, आवाज खणखणीत, कान थोडे कमी. सोळा घरांच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दहा नंबर त्यांचं. स्वयंपाकघराची खिडकी मागच्या अंगणावर उघडायची. तिथे एक नळ होता आणि गाड्या लावायची जागा होती. सोळा घरांत मिळून सात कवळ्या भागूबाईच्या हातच्या. कोणाची कवळी सैल झाली, कोणाच्या हिरडीला टोचली, की माणूस थेट दहा नंबरची बेल वाजवायचा. तिने त्यासाठी घरीच एक छोटी पेटी करून ठेवली होती, प्लास्टर, कानस, पावडर, सगळं त्यात.

इमारतीच्या जिन्याची झाडलोट करायला एक बाई यायच्या. पन्नाशीच्या, किडकिडीत, कामाला वाघ. सगळे त्यांना मावशी म्हणत. एका सकाळी साडेसात वाजता मावशी नळाजवळ उकिडव्या बसून पुसायची फडकी पिळत होत्या. अध्यक्षांचा मुलगा घाईत गाडी मागे घेत होता. अध्यक्ष म्हणजे इमारतीच्या कमिटीचे. चौदा नंबरमध्ये ते, त्यांचा हा तेवीस वर्षांचा मुलगा आणि त्यांचे म्हातारे वडील राहत. मुलाने मागे पाहिलं नाही. गाडी मावशींच्या कमरेवरून आणि मांडीवरून गेली.

तासाभरात सगळ्या इमारतीत एकच गोष्ट पसरली, की मावशी जिन्यावरून घसरल्या. कोणी ठरवली, कोणी कोणाला सांगितली, कळायला मार्ग नाही. गाडी धुतली गेली. मावशींना दवाखान्यात नेलं ते अध्यक्षांनीच, आणि तिथेही घसरल्या असंच लिहून दिलं. मावशी शुद्धीवर आल्यावर त्यांनी खरं सांगितलं, तेव्हा चार दिवसांनी पोलिस इमारतीत विचारायला आले. एक नंबरपासून नऊ नंबरपर्यंत सगळ्यांनी जिनाच सांगितला. काहींना खरंच माहीत नव्हतं, काहींना माहीत करून घ्यायचं नव्हतं.

मग पोलिस दहा नंबरला आले. दार भागूबाईने उघडलं. ताई आंघोळीला गेली होती.

“तेव्हा मी काय धाडस केलं असं लोकांना वाटतं,” ती मला म्हणाली होती, “पण धाडस कसलं आलंय? समोर खाकी कपडे बघून माझी बोबडी वळली. त्यांनी विचारलं, काय पाहिलं? मला खोटं बोलायची भीती वाटली, म्हणून खरं सांगून टाकलं.”

तिने खिडकीतून दिसलेलं सगळं सांगितलं, गाडीचा रंग, मुलाचा शर्ट, फडक्यांची बादली कुठे उडून पडली ते. जबाब लिहून झाला तेव्हा पोलिसाने कागद पुढे केला. तिने तो तीन वेळा वाचला आणि सही केली. ताई केस पुसत बाहेर आली, तोवर पोलिस अकरा नंबरला गेले होते.

ताईने कपाळाला हात लावला. ती नेहमी इतरांशी भांडणारी, कमिटीच्या बैठकीत टेबलावर हात आपटणारी. पण या वेळी तिचाही चेहरा उतरला. त्याच संध्याकाळी अध्यक्ष आले. बसले नाहीत. हसून म्हणाले की माणसाच्या नजरेचा गोंधळ होतो, सकाळी उन्हाची तिरीप असते, जबाब बदलता येतो, आपल्या ओळखीचे वकील आहेत, ते करून देतील. भागूबाईने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, तिलाही कळलं नव्हतं. दोन आठवडे अध्यक्षांनी वाट पाहिली. तिने जबाब बदलला नाही, कारण त्यासाठी पुन्हा पोलिसांत जाऊन आधीचं खोटं होतं म्हणावं लागलं असतं, आणि ते तिच्याने होणारं नव्हतं.

मग इमारतीने दोघी बहिणींना वाळीत टाकलं. कोणी भांडलं नाही, कोणी आवाज चढवला नाही. जिन्यात बोलणं चालू असलं तर ती आली की थांबायचं. दुधाच्या पिशव्या दाराशी फुटलेल्या मिळायच्या. बेल वाजायची, उघडावं तर दारात कोणी नाही. गच्चीवरची पाण्याची त्यांची चावी दोनदा बंद झाली, आणि दोन्ही वेळा कोणालाच काही माहीत नव्हतं. दातांच्या तक्रारी घेऊन येणारे यायचे थांबले. ताई म्हणाली, “आपण दिलेल्या दातांनीच आपल्याला चघळतायत.” एरवी भागूबाई अशा बोलण्यावर पोट धरून हसली असती. त्या दिवशी तिने आधी उठून दाराची कडी लागलीय का ते पाहिलं.

दरवर्षी इमारतीचा एक मेळावा व्हायचा. इमारतीत लोक राहायला आले त्या तारखेच्या जवळचा रविवार. पुढच्या अंगणात दिवे लावायचे, प्रत्येक घरातून खुर्च्या खाली न्यायच्या, प्रत्येक घराने एक पदार्थ करायचा. दहा नंबरकडे सरबत असायचं. कोणाकडे काय याची यादी आठवडाभर आधी खालच्या फळ्यावर लागायची.

त्या वर्षीही लागली. भागूबाई कामावरून येताना यादीपुढे थांबली. नऊ नंबर, कोशिंबीर. अकरा नंबर, सरबत. तिने पुन्हा वरपासून वाचलं. तिला वाटलं लिहिणाऱ्याची नजर चुकली असेल, आकडा राहिला असेल. पण कागदाच्या तळाशी सुबक अक्षरात लिहिलं होतं, एकूण पंधरा घरं.

ती सांगत होती की ते ‘पंधरा’ वाचल्यावर ती खालच्या पायरीवरच बसली. मला ते तेव्हा समजलं नाही. मी म्हटलं, “अगं, एक जेवण ते काय? घरी जेव.” ती म्हणाली, “जेवणाचं नाही गं. सगळ्यांनी एकत्र बसून आमचा आकडा काढून टाकला. मोजून काढला. आता आमचं काही झालं तर कोणाला कमी वाटणार नाही.”

त्याच आठवड्यात लॅबमध्ये एक माणूस आला.

आमच्याकडे गिऱ्हाईक थेट येत नाही, डॉक्टरांची माणसं येतात, डब्या देतात-घेतात. हा माणूस मंगळवारी दुपारी आला आणि बाकड्यावर बसला. चांगले कपडे, तोंडात सगळे दात. मी विचारलं काय हवंय, तर म्हणाला, बसलोय. भागूबाई तेव्हा एका खालच्या जबड्यात दाढा बसवत होती. अर्ध्या तासाने तो उठून तिच्या टेबलाजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “तुम्ही रोज बाजाराच्या मागच्या बोळातूनच जाता ना घरी? तिकडे उजेड कमी असतो. आणि बहिणीला ऐकायला कमी येतं म्हणे.”

एवढंच. मग तो निघून गेला.

तो तिच्याशी बोलत होता तेव्हा मी प्लास्टर कालवायचं निमित्त करून आतल्या खोलीत गेले. मला सगळं ऐकू येत होतं. मी बाहेर आले नाही. बाहेर आले तेव्हा तिच्या हातातली सुरी गार पडली होती आणि मेणावर तिच्या अंगठ्याचा खोल ठसा उमटला होता. अकरा वर्षांत तिचं बिघडलेलं ते पहिलं काम. तिने मला काही विचारलं नाही. मीच नंतर कितीतरी दिवस तिला बोळ टाळून हमरस्त्याने घरापर्यंत सोडायला जायचे.

मेळाव्याच्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता दोघी बहिणी घरात बसून होत्या. ताईचं म्हणणं होतं की आपणही कपडे करून खाली जायचं आणि मधोमध बसायचं, बघू कोण उठवतं ते. दुपारपासून ती हेच म्हणत होती, पण उठत मात्र नव्हती. खालून खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. मग ध्वनिक्षेपक सुरू झाला. दरवर्षी अध्यक्ष एकेका घराला पुढे बोलवायचे, ते कुटुंब उभं राहायचं, सगळे टाळ्या वाजवायचे. सात झालं, आठ झालं, नऊ झालं. अध्यक्षांनी अकरा नंबर पुकारलं. टाळ्या वाजल्या, नेहमीपेक्षा जरा जास्तच. ताई भिंतीकडे बघत राहिली. तिला ऐकू आलं की नाही, भागूबाईला विचारवलं नाही.

सोळा नंबर होऊन जेवणं सुरू झाली असतील, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

सगळी इमारत खाली होती. वर यायचं कोणाला काही कारण नव्हतं. पावलं सावकाश येत होती, मध्ये थांबत होती, पुन्हा चढत होती. पहिला मजला. दुसरा. आणि दहा नंबरच्या दारासमोर थांबली. बेल वाजली नाही. कोणीतरी बोटाच्या पेराने दारावर हलकेच दोनदा वाजवलं.

भागूबाईला मंगळवारचा तो माणूस आठवला. तिने दिवा घालवला. ताईने खुणेनेच सांगितलं, उघडू नकोस. पुन्हा दोनदा वाजलं. भागूबाई भिंतीला धरून दारापर्यंत गेली आणि तिने दाराच्या भोकाला डोळा लावला. बाहेर अध्यक्षांचे वडील उभे होते. जिन्यातल्या दिव्याच्या उजेडात त्यांचं तोंड बसकं, गोळा झालेलं दिसत होतं. हातात रुमालाची पुरचुंडी. तोंडाकडे पाहूनच तिला कळलं, वरची कवळी मोडली.

तिने कडी काढली. ताई नंतर म्हणाली की माझा विश्वासच बसेना. पण भागूबाईला दारात माणूस दिसत नव्हता, मोडलेली कवळी दिसत होती, आणि ती तिच्याच हातची होती.

आजोबा आत आले आणि त्यांनीच दार लावून घेतलं. बिनदातांचं त्यांचं बोलणं फुसफुसत होतं. खाली जेवताना कवळी मधोमध तडकली. मुलाला सांगितलं असतं तर उद्या डॉक्टरकडे नेलं असतं. पण त्यांना आजच यायचं होतं. कवळी हे निमित्त झालं होतं.

“पाऊण तास लागेल,” भागूबाई म्हणाली. “खाली शोधतील तुम्हाला.”

“शोधू देत,” आजोबा म्हणाले, पण म्हणताना त्यांनी जिन्याच्या बाजूला पाहिलं.

तिने पेटी काढली. कवळीचे दोन तुकडे मेणाने जोडले, आतल्या बाजूने प्लास्टर ओतलं आणि ते घट्ट व्हायची वाट बघत बसली. स्वयंपाकघरात छोटा दिवा तेवढा लावला होता. ताई दाराला पाठ लावून उभी. प्लास्टर गरम होत होतं तसे आजोबा बोलायला लागले. लॅबमध्ये गेलेला माणूस आपल्या मुलानेच पाठवला होता, हे त्यांना कालच कळलं होतं. मुलगा वाईट नाही, आपल्या पोराला तुरुंग होईल या भीतीने त्याचं डोकं फिरलंय, असं ते म्हणाले. नातू रात्रीचा झोपत नाही. गाडीत बसत नाही. घरात तो विषय काढायची बंदी आहे. मग थोडा वेळ थांबून त्यांनी सांगितलं की त्या सकाळी तेही मागच्या गॅलरीत होते.

भागूबाईने प्लास्टरवरून मान वर केली.

“मला कोर्टात उभं करणार आहेत,” आजोबा म्हणाले. “घसरली म्हणून सांगायला. माझं वय बघून कोणी उलट विचारणार नाही, असं वकील म्हणतो. तू सांग, मी काय करू?”

तेवढ्यात जिन्यात धावती पावलं वाजली. अध्यक्षांचा आवाज आला, “बाबा? अहो बाबा?” पावलं वर चौदा नंबरपर्यंत गेली, दार उघडल्याचा आवाज झाला, बंद झाल्याचा झाला, आणि पुन्हा खाली यायला लागली. ताईने पटकन छोटा दिवाही विझवला. तिघंही अंधारात. आजोबांनी ओठांवर बोट धरलं होतं. दाराबाहेर पावलं थांबली. भागूबाई सांगते की त्या वेळी तिला स्वतःच्या भीतीपेक्षा म्हाताऱ्याची भीती जास्त ऐकू येत होती. त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ऐंशी वर्षांचा बाप आपल्याच मुलापासून परक्यांच्या स्वयंपाकघरात लपला होता. बाहेरचा माणूस क्षणभर उभा राहिला. मग खाली गेला.

बऱ्याच वेळाने ताईने दिवा लावला. भागूबाईने तडकलेल्या कडा कानसून घेतल्या, गुलाबी पावडर आणि तो उग्र वासाचा द्रव कालवून फटीत भरला आणि कवळी कोमट पाण्यात ठेवली. हात आता हलत नव्हते.

“काय करू ते सांगितलं नाहीस,” आजोबा म्हणाले.

“मला नाही सांगता येणार,” ती म्हणाली. “मला माझंच निभत नाही. रोज सकाळी वाटतं, जाऊन कागद फाडून टाकावा.”

“मग फाडत का नाहीस?”

तिने पाण्यातली कवळी बोटाने उलटी केली. मग म्हणाली, “त्यामागे एक गोष्ट आहे. ती मी अजून कोणाला सांगितलेली नाही. कोर्टातच सांगावी लागेल बहुतेक.”

पाऊण तासाने तिने कवळी घासून, धुऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बसवली, दोनदा दात मिटून पाहिले आणि मान हलवली. जाताना ताईला म्हणाले, “मी आलो होतो हे कोणाला बोलू नका.” ताई, जी कोणाचं ऐकून घेत नसे, ती नुसती बरं म्हणाली.

कोर्टाची तारीख दोन महिन्यांनी आली. ताईने सोबत यायचं ठरलं होतं, पण ती बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात बाकड्यावर बसली आणि गुडघा दुखतोय म्हणाली. तिचा गुडघा दुखत नव्हता. मी आत गेले. अध्यक्ष, त्यांचा मुलगा, इमारतीतले चार-पाच जण एका बाजूला होते. आजोबा नव्हते, तब्येत बरी नाही असं वकिलांनी सांगितलं. दुसऱ्या बाजूला मावशी, बगलेत कुबडी धरून.

भागूबाई उभी राहिली तेव्हा स्वतःचं नाव सांगताना तिचा आवाज फुटेना. न्यायाधीशबाईंनी पाणी द्यायला सांगितलं. मग समोरच्या वकिलांनी सुरुवात केली. चष्मा कशाला लावता? जवळचं दिसायला. म्हणजे लांबचं नीट दिसतं? दिसतं. किती अंतर? तिने पावलांत सांगितलं, नेमकं. काम काय करता? कवळ्या. त्यावर वकील जरा हसले.

“इतकं स्वच्छ दिसलं,” ते म्हणाले, “एक बाई गाडीखाली आली हे दिसलं, तर तुम्ही लगेच खाली का गेला नाहीत? आरडाओरडा का केला नाहीत? कारण तुम्ही काही पाहिलंच नव्हतं. खरं ना?”

हाच तो प्रश्न. याचीच ती इतके महिने धास्ती घेऊन बसली होती. तिने कठड्याला घट्ट धरलं. वकिलाकडे न बघता ती मावशींकडे बघून बोलली.

“मी पाहिलं. मावशींनी वर पाहिलं, तेव्हा आमची नजरानजर झाली. मी भ्याले आणि पडद्यामागे झाले. दहा मिनिटं मी तिथेच उभी होते. कदाचित जास्त. त्या हाक मारत होत्या. मी गेले नाही.”

वकिलांनी कागद उलटले आणि आणखी काही विचारायचं नाही म्हणाले.

ती बाहेर आली तर व्हरांड्यातल्या बाकड्यावर जागा नव्हती. मावशी मागोमाग बाहेर आल्या, ताईला जरा सरका म्हणाल्या, स्वतः बसल्या आणि शेजारची जागा हाताने पुसली. भागूबाई तिथे बसली. मग मावशी म्हणाल्या, “माहीत होतं मला. पडदा हलताना दिसला होता.” माफ केलं, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. भागूबाईनेही ते मागितलं नाही.

निकाल त्या वर्षाच्या शेवटी लागला. मुलाला दोषी धरलं. तुरुंग झाला नाही, गाडी चालवायचा परवाना गेला, आणि ठरावीक दिवशी पोलिस चौकीत जाऊन हजेरी लावायची शिक्षा झाली. इमारतीत त्यावर कोणी ब्र काढला नाही. पाण्याची चावी बंद व्हायची थांबली. तेरा नंबरच्या बाई भागूबाईला पाहून मान हलवायला लागल्या. अध्यक्ष आजही तिच्याशी बोलत नाहीत. मेळावा होतो, दोघी जात नाहीत. त्यांना बोलावणं येतं की नाही हे मी विचारलेलं नाही.

पण एक गोष्ट झाली, ती तिने मला मागच्या महिन्यात सांगितली. लिफ्टला ती भ्यायचीच, त्यामुळे जिन्याने वर जात होती. पहिल्या मजल्याच्या वळणावर अध्यक्षांचा मुलगा समोर आला. जिन्यात दोघांशिवाय कोणी नव्हतं. पिशवी छातीशी धरून ती भिंतीला चिकटली. तोही दुसऱ्या भिंतीला चिकटला. मग तिला दिसलं की त्याचं वजन किती उतरलंय.

तो म्हणाला, “त्या कशा आहेत?”

ती म्हणाली, कुबडी सुटली, आता काठी घेऊन चालतात. बसून करायचं काम मिळालंय. घर कुठे आहे तेही सांगितलं. तो म्हणाला की ते त्याला माहीत आहे, तीन वेळा तिथपर्यंत जाऊन आलोय, दार वाजवायला भीती वाटते.

भीती तर आयुष्यभर तिच्या पाठीला लागलेली. ती म्हणाली, “रविवारी दहा वाजता मी खाली येते. बरोबर जाऊ.” आणि घरी जाऊन आपण हे काय बोलून बसलो म्हणून दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

रविवारी ती उतरली तेव्हा तो फाटकाशी उभा होता. दोघं पायी गेली. मावशी एका खोलीत राहतात, दार थेट रस्त्यावर उघडतं. दाराशी पाट टाकून त्या बसल्या होत्या. एका कारखान्यातून बटणं येतात, ती सहा-सहाची पुठ्ठ्यावर शिवून द्यायची, हे त्यांचं काम. त्यांनी मान वर केली, भागूबाईला आत बोलावलं, बसायला दिलं. त्याला बस म्हटलं नाही. तो उंबऱ्याबाहेर उन्हात उभा राहिला. मावशी शिवत राहिल्या. भागूबाईला वाटत होतं, उठावं आणि पळत सुटावं. पण तिला वाट देणारं दार त्यानेच अडवलेलं.

अर्धा तास गेला असेल. मावशींचा दोरा संपला. त्यांनी सुई आणि रीळ उचललं, डोळे बारीक करून दोनदा ओवायचा प्रयत्न केला. मग त्याच्याकडे न बघताच हात दाराबाहेर लांब केला.

“धर. मला दिसत नाही. ओवून दे.”

त्याचे हात इतके कापत होते की दोरा सुईच्या बाजूबाजूने जात राहिला. भागूबाईचे हात शिवशिवत होते, सुई घेऊन क्षणात ओवून द्यावी असं तिला वाटत होतं. पण ती जागची हलली नाही. मावशीही हात पुढे करून तशाच बसून राहिल्या, घाई न करता, दोरा जाईपर्यंत.